‘तीन फुटी टाकीत डोरी बसेल का?’ मरीन टँकच्या धंद्यातला पहिला प्रश्न



समजा, तुम्ही पिरंगुटला राहता. घरोघरी माशांच्या टाक्या लावून द्यायचं काम वर्षभर करताय. गोल्डफिश, गप्पी, एंजल, सगळं नीट जमलंय. एक दिवस माणच्या एका सोसायटीतून फोन येतो. "दादा, आमच्याकडे तीन फुटी टाकी आहे. मुलीचा वाढदिवस आहे, तिला समुद्राचे मासे हवेत. दोन निमो आणि एक डोरी. पैशांचं बघू नका. रविवारपर्यंत होईल ना?"

काय उत्तर द्याल?

बहुतेक जण म्हणतील, "होईल की!" समोरून चालत आलेलं काम कोण सोडणार? पण हे ‘होईल की’ तीन महिन्यांत तुमच्या अंगावर येऊ शकतं. मासा मरतो, मुलगी रडते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव वेगळ्याच कारणाने फिरतं. म्हणून आज या एकाच फोनचं उत्तर शोधायचं आहे. हे उत्तर तुमच्या इच्छेवर किंवा गिऱ्हाइकाच्या पाकिटावर ठरत नाही. ते टाकीवर ठरतं, आणि हिशोबाने काढता येतं. वही-पेन घ्या.

आधी बघू, मुळशीत या कामाला वाव आहे का?

आहे. हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात आयटीवाल्यांचे मोठमोठे फ्लॅट आहेत. भूगाव, भुकूम, पिरंगुटच्या रस्त्याला बंगले आहेत. पौडच्या पुढे धरणाच्या बाजूला रिसॉर्ट आणि फार्महाऊस आहेत. शिवाय दवाखाने, हॉटेलं, ऑफिसची रिसेप्शन. गोड्या पाण्याची टाकी लावणारे गल्लोगल्ली सापडतात, पण खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे ज्याला आपण ‘मरीन टँक’ म्हणतो, ती नीट सांभाळणारे कमी. समुद्र ताम्हिणी घाटाच्या पलीकडे. तोच समुद्र हॉलमध्ये आणून द्यायचा म्हणजे लोक चांगले पैसे द्यायला तयार असतात.

आणि इथेच धोका आहे. खारं पाणी चुकीला माफ करत नाही.

हिशोब पहिला: टाकीत पाणी किती?

गिऱ्हाईक ‘तीन फुटी’ म्हणतं तेव्हा ते फक्त लांबी सांगतं. तुम्ही रुंदी आणि उंचीही विचारा. सोपं सूत्र लक्षात ठेवा: लांबी × रुंदी × उंची, तिन्ही फुटात, आणि आलेल्या आकड्याला 28 ने गुणा. म्हणजे लीटर मिळाले. सेंटीमीटरमध्ये मोजलं तर तिन्हींचा गुणाकार करून 1,000 ने भागा.

- 2 × 1 × 1 फूट: सुमारे 56 लीटर
- 3 × सव्वा × दीड फूट: सुमारे 157 लीटर
- 4 × दीड × दीड फूट: सुमारे 250 लीटर
- 4 × 2 × 2 फूट: सुमारे 450 लीटर
- 6 × 2 × 2 फूट: सुमारे 670 लीटर

हा झाला काचेचा आकडा. पाण्याचा आकडा वेगळा. टाकी काठोकाठ भरत नाही, तळाला वाळू असते, मरीन टँकमध्ये दगड भरपूर असतात. म्हणून सरळ 20 टक्के कापा. फोनवरची टाकी सव्वा-दीडच्या मापाची असेल तर 157 चे राहिले साधारण 125 लीटर. मासा राहणार आहे तो या 125 लीटरमध्ये.

हिशोब दुसरा: ‘इंचाला गॅलन’ विसरा

माशांच्या दुकानात एक जुना नियम ऐकायला मिळतो: एक इंच माशाला एक गॅलन पाणी. एक अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लीटर. या नियमाने 125 लीटरमध्ये 33 इंच मासा बसतो. म्हणजे पूर्ण वाढलेल्या, 11-11 इंचांच्या तीन डोरी! टाकीची लांबी 36 इंच, रुंदी 15 इंच. त्यात 11 इंचांचे तीन मासे वळणार कसे आणि पोहणार कुठे?

नियम फसतो कारण मासा फक्त लांबीला वाढत नाही. तो रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. दुकानात डोरी 5 सेंटीमीटरची मिळते. ती 25 सेंटीमीटरची झाली म्हणजे लांबी पाचपट, पण वजन साधारण 125 पट! खाणं आणि घाण अगदी 125 पट वाढत नाही, पण कित्येक पटींनी वाढते, हे नक्की. दुकानातला मासा बघून टाकी ठरवणं म्हणजे पाळण्यातलं बाळ बघून त्याच्या लग्नाचे कपडे शिवायला टाकणं.

म्हणून नियम पक्का करा: माप नेहमी पूर्ण वाढलेल्या माशाचं घ्यायचं, दुकानातल्या माशाचं नाही.

खाऱ्या पाण्यात जागा जास्त का लागते?

गिऱ्हाईक विचारणारच, "एवढ्याच टाकीत आमच्याकडे दहा गोल्डफिश होते की!" (तेही जास्तच होते, पण ते असो.) तुमच्याकडे उत्तर तयार हवं. तीन कारणं सांगा.

एक, प्राणवायू. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश प्राणवायू कमी विरघळतो.

दोन, अमोनिया. माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 च्या आसपास असतो, आणि पीएच जेवढा जास्त तेवढा अमोनियाचा विषारी भाग जास्त. गोड्या पाण्यात खपून जाणारी मात्रा इथे मासा मारते.

तीन, मीठ. समुद्राच्या पाण्यात लीटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. मे महिन्यात 50 लीटरच्या टाकीतून 2 लीटर पाणी उडालं की 35 चा आकडा साडेछत्तीसवर जातो. मोठ्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर आकडा जेमतेम हलतो. समुद्रातल्या माशाला असे चढउतार माहीतच नसतात.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. नवशिक्याला वाटतं, छोट्या टाकीपासून सुरुवात करू, सोपं जाईल. मरीनमध्ये छोटी टाकी अवघड आणि मोठी सोपी. कारण जास्त पाणी म्हणजे चूक झाली तरी सावरायला जास्त वेळ.

कोण बसेल, कोण नाही?

अनुभवी मरीनवाले साधारण जी मापं धरतात, ती खाली देतोय. लीटर म्हणजे प्रत्यक्ष पाणी, काचेचा आकडा नव्हे.

- क्लाऊनफिश, म्हणजे निमो, एक जोडी: वाढ 8 ते 10 सेंटीमीटर. 80 ते 100 लीटर पुरतं. समुद्रातही हा मासा एका अ‍ॅनिमनीच्या आसपासच आयुष्य काढतो, लांब फिरत नाही. म्हणून घरच्या टाकीत खुश राहतो. जोडीतला मोठा मासा मादी होतो. जोडी जमली की तिसरा टाकू नका, त्याला मार बसतो.
- फायरफिश, छोटे गोबी: 7 ते 8 सेंटीमीटर, 80 ते 100 लीटर. फायरफिश उडी मारतो, टाकीला जाळीचं झाकण हवंच.
- रॉयल ग्रामा, बांगाई कार्डिनल: 8 सेंटीमीटरच्या आसपास, 120 लीटर.
- यलो टँग: 20 सेंटीमीटर. किमान 4 फूट लांबी, 350 ते 400 लीटर.
- ब्लू टँग, म्हणजे डोरी: 25 ते 30 सेंटीमीटर. 6 फूट लांबी, 500 लीटरच्या पुढे.
- लायनफिश: फूटभर किंवा जास्त. तोंडात मावेल तो मासा गिळतो आणि काट्यात विष असतं. लहान मुलांच्या घरात नको.
- पँथर ग्रूपर: पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, दुकानात दोन-तीन इंचांचा, दिसायला गोंडस. वाढतो दोन फुटांच्या वर. घरच्या टाकीचा मासाच नव्हे.

आणि एक अपवाद, जो नवख्याला हमखास फसवतो: मँडरिन. फक्त 7-8 सेंटीमीटरचा, रंग असे की बघत राहावं. मग छोट्या टाकीत चालेल? नाही! तो दिवसभर दगडांवरचे बारीक जिवंत कीटकासारखे जीव टिपत असतो. त्यांना कोपेपॉड म्हणतात. नव्या, छोट्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. म्हणजे टाकीचं माप फक्त अंगाच्या आकारावर ठरत नाही, माशाच्या सवयीवरही ठरतं. डोरीचंही तसंच. तिचं कुळच प्रवाळाच्या बाजूने दिवसभर चरत फिरणाऱ्यांचं. अरुंद जागेत ती घाबरी होते, आणि टँग जातीच्या माशांना ताण आला की अंगावर पांढरे ठिपके पडण्याचा रोग लवकर होतो. तो पसरला की निमोही जातो.

आता आपल्या फोनचा हिशोब बघा. 125 लीटर. दोन निमो? बसतात. सोबत एखादा फायरफिश? बसतो. डोरी? नाही. पोटाला चिमटा काढून सांगायचं, नाही.

"छोटी असताना ठेवू, मोठी झाली की बघू"

हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकायला मिळेल. तेव्हा शांतपणे विचारा: मोठी झाल्यावर ती जाणार कुठे? दुकानदार मोठा मासा सहसा परत घेत नाही. नीट सांभाळली तर डोरी 20 वर्षंही जगू शकते, म्हणजे वाढदिवसवाली मुलगी कॉलेज संपवेल तेव्हाही ती टाकीत असेल. मुळा नदीत सोडली तर गोड्या पाण्यात लगेच मरेल. आणि श्रीवर्धनला नेऊन समुद्रात सोडायची? तेही करायचं नाही. लायनफिश हा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तो 1980 च्या दशकात पहिल्यांदा दिसला. लोकांनी घरच्या टाकीतून सोडलेल्या माशांपासून तो तिथे पसरला असं मानतात, आणि आज तिथल्या स्थानिक माशांचा तो फडशा पाडतोय.

2003 मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि 2016 मध्ये ‘फाइंडिंग डोरी’. पोरांना दोन्ही मासे तोंडपाठ झाले. पण दोघांत फरक मोठा आहे. क्लाऊनफिशची पैदास आता हॅचरीत सर्रास होते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, त्याचं तंत्र बसवलंय. आपल्या नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशच्या पैदाशीचं काम झालंय. ब्लू टँग मात्र हॅचरीत पहिल्यांदा वाढवता आला तो 2016 मध्ये, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारातल्या बहुतेक डोरी अजूनही समुद्रातून पकडलेल्या असतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? शक्य तिथे हॅचरीचाच मासा घ्या. तो टाकीत जन्मलेला असतो, दाण्याचं खाणं खातो, लवकर रुळतो. मासा कमी मरतो, तुमचं नाव टिकतं.

आणि एक ‘नाही’ कायद्याचं आहे. समुद्री घोडा आणि जिवंत किंवा मेलेलं प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे. "कोकणातून एक दगड आणलाय, त्यावर कोरल आहे, टाकीत लावा" असं कोणी म्हणालं तर हातही लावू नका. टाकीसाठी कोरडा सिरॅमिक दगड वापरा. तो महिन्या-दोन महिन्यांत जिवाणूंनी भरतो आणि आपलं काम चोख करतो.

रविवारपर्यंत का होणार नाही?

कारण पाणी ‘पिकावं’ लागतं. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. या दोन्ही फौजा तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं की मग पहिला मासा. तोही एकेक करून, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

मुळशीचे तीन खास प्रश्न

पुस्तकातली माहिती सगळीकडे सारखी असते. धंदा मात्र गावात करायचा असतो.

*पाणी.* कुठे बोअर, कुठे टँकर, कुठे ग्रामपंचायतीचं नळपाणी. मरीनसाठी यातलं एकही थेट चालत नाही. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात मरीन सॉल्ट मिसळायचं. मिठाच्या बरणीतलं मीठ नाही, हां! 4 फुटी टाकीत प्रत्यक्ष पाणी 200 लीटर धरलं आणि आठवड्याला 10 टक्के बदललं, तर 20 लीटर पाण्याला 700 ग्रॅम मीठ. महिन्याला जवळपास 3 किलो. शिवाय आरओ मशीन एका लीटरमागे दोन-तीन लीटर बाहेर टाकतं, ते बागेला किंवा फरशीला वापरा. "दिवेआगरहून कॅन भरून आणू का?" असंही कोणी विचारेल. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात नद्यांमुळे त्यातलं मीठ कमी झालेलं असतं, आणि घाटातून 20 लीटरचे कॅन ओढण्यापेक्षा मीठ विकत घेणं सोपं.

*वीज आणि तापमान.* मरीन टाकीला 25 ते 27 अंश लागतात. डिसेंबरच्या रात्री हीटर, मे महिन्यात पंखा किंवा चिलर. आणि पावसाळा! ताम्हिणीच्या अंगाला पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल नेम नाही. गंमत बघा, मुळशी धरणाच्या पाण्यावर पलीकडे भिऱ्याला वीज तयार होते, आणि इकडे धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये अंधार. पंप बंद पडला की टाकीतला प्राणवायू काही तासांत घसरतो, आणि मासे जास्त असतील तर त्याहून लवकर. म्हणून प्रत्येक टाकीसोबत बॅटरीवर चालणारा एअर पंप द्यायचाच. तो कोटेशनमधून काढू नका, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

*वजन.* एक लीटर खारं पाणी म्हणजे एक किलोपेक्षा किंचित जास्त. 4 × 2 × 2 ची टाकी, काच, दगड आणि स्टँड धरून 550 ते 600 किलोच्या घरात जाते. घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलोच्या आसपासचा भार धरतात, आणि तो पूर्ण खोलीवर पसरलेला. इथे आपण सगळं वजन पाऊण चौरस मीटरवर उभं करतोय. 4 फुटांच्या पुढची टाकी असेल तर भिंतीलगत, बीमच्या जवळ, आणि इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय नाही. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर तर विचारही नको.

बघा, ‘टाकी पुरेशी मोठी आहे का’ या प्रश्नाच्या मागे ‘घर पुरेसं मजबूत आहे का’ हा प्रश्न उभा आहे. दोन्ही विचारणारा माणूस गिऱ्हाइकाला कारागीर वाटत नाही, जाणकार वाटतो.

‘नाही’ म्हटल्याने नुकसान किती?

आता मुद्द्याचं बोलू. डोरी नाकारली तर तुमचं किती जातं? खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही टाका.

समजा एका डोरीमागे तुम्हाला 1,000 रुपये सुटतात. आणि त्याच टाकीच्या देखभालीचे महिना 2,500 रुपये मिळतात. वर्षाचे झाले 30,000. डोरी विकली, ती आजारी पडली, सोबतचे मासे गेले, गिऱ्हाईक वैतागून टाकी बंद करून गॅलरीत ठेवतं. म्हणजे 1,000 रुपयांसाठी तुम्ही 30,000 रुपये पणाला लावलेत. आणि ती टाकी बघून शेजारच्या दोघांनी लावली असती, ते वेगळंच.

या धंद्यात तीन कमाया आहेत: टाकी लावून देणं, दर महिन्याची देखभाल, आणि मासे विकणं. नवखा माणूस माशांच्या मागे लागतो कारण ते दिसतात. टिकणारा माणूस देखभालीवर जगतो. आणि देखभालीचं काम तेव्हाच टिकतं, जेव्हा मासे जगतात.

मग फोनवर बोलायचं कसं?

नुसतं ‘नाही’ म्हणून फोन ठेवायचा नाही. असं बोला:

"सर, टाकी छान आहे. त्यात निमोची जोडी आणि एक छोटा फायरफिश अगदी आरामात राहतील. डोरी मात्र बसणार नाही. ती फूटभर वाढते आणि तुमची टाकी सव्वा फूट रुंद आहे, तिला वळायलाही जागा नाही. आणि सर, मासे रविवारी येणार नाहीत, पाणी तयार व्हायला सहा आठवडे लागतात. पण रविवारी मी टाकी, वाळू, दगड, दिवे सगळं लावून देतो. वाढदिवसाला मुलीला टेस्ट किट द्या. दर रविवारी ती पाणी तपासेल आणि वहीत आकडे लिहील. ज्या दिवशी दोन्ही आकडे शून्य येतील, त्या दिवशी निमो घरी येईल."

बघा, मुलीच्या हातात काहीतरी आलं. वडिलांना कारण कळलं. तुम्हाला रविवारचं काम मिळालं. आणि समजा ते म्हणाले, "नाही हो, डोरी हवीच!" तर तेही चांगलंच. "मग सर, सहा फुटी टाकी लागेल. जागा बघायला येतो, इंजिनिअरला विचारू, आणि खरं कोटेशन देतो." तो खर्च ऐकून ते निमोवर थांबतील किंवा मोठं काम देतील. दोन्हीकडे मासा वाचला आणि तुम्हीही.

काही गिऱ्हाईकं मात्र जातील, हे मी गोड करून सांगणार नाही. ती दुसऱ्याकडून डोरी आणतील. जाऊ द्या. त्यांच्या टाकीची जबाबदारी घेऊ नका, एवढं सांभाळा. दुसऱ्याने भरलेल्या गच्च टाकीची देखभाल घ्यायची वेळ आली तर आधी मासे कमी करायची अट घाला, आणि ती लेखी घ्या.

तुमची स्वतःची क्षमताही मोजा

एका भेटीला दीड तास धरा. पाणी बदलणं, काच पुसणं, टेस्ट, नोंद. वर पिरंगुट ते हिंजवडी जाणं-येणं, आणि हिंजवडीची वाहतूक तुम्हाला माहीत आहेच. दिवसाला चार भेटी, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 88 भेटी. एका टाकीला महिन्याला दोन भेटी धरल्या तर 44 टाक्या. पण अचानकचे फोन येतात, म्हणून एक चतुर्थांश वेळ राखून ठेवा. राहिल्या 33. (मधल्या आठवड्यातलं पाणी गिऱ्हाइकाने स्वतः बदलायचं, तसं शिकवून ठेवा.) एकट्या माणसाची ही मर्यादा. चौतिसावी टाकी घ्यायच्या आधी हाताखाली माणूस तयार हवा.

या आठवड्याचं काम

1. तुमच्या भागातल्या तीन ओळखीच्या घरी जा. टाकी मोजा, लीटर काढा, 20 टक्के कापा.
2. वरच्या यादीवरून एका पानाचा तक्ता करा: मासा, पूर्ण वाढ, किमान लांबी, किमान लीटर. लॅमिनेट करून बॅगेत ठेवा. गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलं तर मत वाटतं, तक्ता दाखवला तर नियम वाटतो.
3. स्वतःच्या घरी एक 100 ते 120 लीटरची मरीन टाकी लावा, निमोच्या एका जोडीसह सहा महिने चालवा. रोज मिठाचं प्रमाण आणि तापमान, आठवड्याला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सगळं वहीत लिहा. त्यात एक पावसाळा किंवा एक उन्हाळा आलाच पाहिजे. ही वहीच तुमचं सर्टिफिकेट.
4. त्यानंतरच पहिलं पैशाचं काम घ्या.

फोन तर येणारच आहे. तो वाजेल तेव्हा तुमचा पहिला शब्द ‘होईल’ नसावा. पहिला प्रश्न असावा, "टाकी किती बाय किती बाय किती?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा!